कापलेली तेरा मिनिटं

मंगळवार, ४ फेब्रुवारी

माझं आयुष्य बदललं ते आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मी शिडीवर असताना.

चार नंबरच्या खोलीत प्रोजेक्टर टांगत होतो. तोंडात दोन स्क्रू, हातात तिसरा. दार उघडलं आणि संचालक बाई कॉलेजच्या सहा जणांना घेऊन आत आल्या. चौथी ती होती. तोंडातला स्क्रू सुटला तो थेट बाईंच्या खांद्यावर. बाई म्हणाल्या, हे आमचे तंत्रज्ञ, असंच स्वागत करतात. सगळे हसले. ती हसली नाही. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "अरे, तू इथे आहेस होय."

पाच शब्द. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलेत.

वर्गात तिला सगळे 'सावकाश' म्हणायचे. हजेरीला तिचं 'हजर' यायचं ते पुढच्या दोन जणांची नावं घेऊन झाल्यावर. मी तिच्या मागच्या बाकावर दीड वर्ष बसलो आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यात कॉलेज सोडलं. म्हणजे सोडलं असं मी सांगतो. झालं असं की विभागाच्या सरांनी माझी फिल्म सगळ्यांसमोर लावली आणि म्हणाले, तुला बघायची घाई, दाखवायची घाई, आणि मोकळं व्हायची त्याहून घाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅमेरा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि घरी आलो. त्याला आता दोन वर्षं झाली.

तेव्हापासून इथे, कलाकेंद्रात. पूर्वी या इमारतीत हातमोजे शिवायचे. अजून कधी फरशी खरवडली की एखादं कातड्याचं बोट निघतं. मी प्रोजेक्टर टांगतो, केबल ओढतो, सकाळी सगळं सुरू करतो, संध्याकाळी बंद करतो. वायरमनकाकांच्या हाताखाली.

आता कॉलेजने आणि केंद्राने करार केलाय. शेवटच्या वर्षाचे सहा विद्यार्थी, आमच्या सहा खोल्या, प्रत्येकाची एक व्हिडिओ कलाकृती. खोल्या, यंत्रं आणि माणसं केंद्राची. विद्यार्थी आणि मार्क कॉलेजचे. बाहेरून दोन परीक्षक येणार. सहांतल्या एकाला वरच्या मजल्यावरची खोली मिळणार, वर्षभर, यंत्रांसकट. करारावर बाईंच्या सहीशेजारी सरांची सही आहे. म्हणजे त्या माणसाचं तोंड आता आठवड्यातून दोनदा बघायचं.

बघेन. ती येणार असेल तर रोज बघेन.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वहिनीच्या नजरेतून काही सुटत नाही. सकाळी विचारलं, शिडीवर चढायला इस्त्रीचा शर्ट कधीपासून लागतो? मी म्हटलं, परीक्षक येणार आहेत. कधी? महिनाअखेर. वहिनी म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." दादा वर्तमानपत्राआडून हसला. दादा माझ्याशी बोलतो, पण कॉलेजबद्दल बोलत नाही. माझं ओळखपत्र त्याच्या खणात आहे, तो वजनमाप खात्यात काटे तपासतो, त्या शिक्क्यांबरोबर. मुदत संपलेली वस्तू कोण ठेवतं शिक्क्यांबरोबर? विचारलं नाही.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज ती दीड तास बोलली. एका चहावर. शेवटचे तीन घोट गार चहाचे होते तरी तिने ते प्यायले.

तिची आई टेलिफोन खात्यात होती, दिवसभर बोलायचंच काम. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि वाचा गेली. उजवा हात गेला. डावा चालतो. कळतं सगळं. डॉक्टर म्हणतात, कधीतरी एखादा शब्द येईल, घाई करू नका. घरी दोघीच.

तिचा व्हिडिओ म्हणजे एवढंच: आई खिडकीपाशी खुर्चीत. कॅमेरा हलत नाही. कॅमेऱ्यामागून ती एकच प्रश्न विचारते, "आई, मी जाऊ का?" मग उत्तराची वाट. एकोणीस मिनिटं, एका दमात घेतलेली, मध्ये कुठे तोड नाही.

मी विचारलं, जाऊ का म्हणजे कुठे? ती म्हणाली, तेव्हा मला वाटलं होतं स्वयंपाकघरात. आणि हसली.

आता खरी गोष्ट. वरची खोली मिळाली तर ती राहील. घर इथून दोन गल्ल्यांवर. दुपारी जाऊन आईला जेवू घालून परत येता येईल. नाही मिळाली तर परीक्षेनंतर आईला घेऊन मामाकडे. मामाने खोली रिकामी करून ठेवलीसुद्धा आहे. तिकडे हे असलं काही कोणी करत नाही. मामाचं म्हणणं, झालं की शिकून, आता आईकडे बघ. ती म्हणाली, मामा चुकीचं बोलतो असंही नाही.

मी ठरवलं. खोली तिलाच मिळणार.

जाताना ती म्हणाली, "एकदा पूर्ण बसून बघशील? तुझं मत हवंय मला." मी म्हटलं, अर्थात. माझं मत हवंय. माझं. सहा जणांत एक तो तीन नंबरच्या खोलीतला केसाळ पोरगा आहे, तो तिच्या आजूबाजूला फिरत असतो, पण मत माझं हवंय.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

चाचणीचा दिवस. कॉलेजची खालच्या वर्गातली वीस मुलं आली होती. एक प्रोजेक्टर पिवळा मारत होता, दोन खोल्यांचे आवाज एकमेकांत मिसळत होते, भिंतीला जुनी गादी ठोकावी लागली. तिचा व्हिडिओ बघायला जमलंच नाही.

पण बाहेर उभा राहून घड्याळ लावून मोजलं. चार नंबरमध्ये बारा जण गेले. सगळ्यांत जास्त थांबलेली मुलगी: तीन मिनिटं चाळीस सेकंद. एक जण तर बाहेर येऊन मला म्हणाला, दादा, आतला व्हिडिओ अडकलाय.

तीन नंबरमध्ये मात्र जत्रा. त्या केसाळाच्या व्हिडिओत एका सेकंदात सात चित्रं आणि ढोल बडवल्यासारखा आवाज. आत गेलेला माणूस बाहेर येईना. परीक्षक पण माणसंच असतात. सहा खोल्या बघायच्या, एक सकाळ हातात. एकोणीस मिनिटं कोण बसणार?

संध्याकाळी तिने विचारलं, पाहिलंस? मी म्हटलं, पाहिलं. भारी आहे. तिने जरा वेळ घेऊन विचारलं, सगळं? मी म्हटलं, सगळं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. डोळे भरले होते. माझ्या दोन शब्दांवर. खोटं बोलल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण तो चेहरा बघून वाटलं नाही.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आमच्याकडे एक पद्धत आहे. शेवटच्या चाचणीनंतर प्रत्येक खोलीच्या दारावर कागद लागतो. कलाकार आतला व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतो आणि त्या कागदावर सही करतो. सही झाली की त्या फाइलला कोणी हात लावायचा नाही. बाईंनी नाही, सरांनी नाही, आम्ही तर नाहीच. काका म्हणतात, "सहीनंतर आपण म्हणजे बटण. बटणाला मत नसतं."

ती आत एकटी बसली. बाहेर आली, सही केली, तारीख घातली, वेळ घातली. आईला ताप आहे म्हणाली, म्हणून उद्घाटनाला आणि परीक्षकांच्या दिवशी येता येणार नाही. तू आहेस ना इथे, म्हणाली.

मी आहे इथे.


रविवार, २३ फेब्रुवारी

केलं.

केंद्र रविवारी बंद. दुपारी बाराला मागच्या दाराने गेलो. किल्ली काकांच्या खणातून घेतली. नोंदवहीत लिहिलं नाही. यंत्रांच्या खोलीत बसून तिची फाइल उघडली. बोटाने रेघ पुढे ओढत गेलो. आई खिडकीपाशी. आई खिडकीपाशी. आई खिडकीपाशी. उजेड जरा सरकतो, बाकी काही नाही. एकदा तोंड हललंय असं वाटलं, जांभई असेल.

प्रश्न ठेवला. नंतरची चारेक मिनिटं ठेवली. आईच्या डोळ्यांत खरंच काहीतरी आहे. मग मधली तेरा मिनिटं काढली आणि शेवटची दोन जोडली, उजेड उतरतानाची. सांधा कळतसुद्धा नाही. कुठे कापायचं ते माझ्या हाताला आपोआप कळतं, हे मी गर्व म्हणून लिहीत नाही. सहा मिनिटं झाली. प्रश्न, शांतता, अंधार. आई उत्तर देत नाही. मी परत एकदा लावून बघितलं.

ही गोष्ट तिला कधीच सांगायची नाही. खोली मिळाली, सगळं स्थिरावलं, दहा-वीस वर्षं गेली की सांगेन. ती म्हणेल, वेडा आहेस.

घरी आलो तेव्हा वहिनी म्हणाली, आज स्वारी खुशीत. मी भांडी घासून दिली.


बुधवार, २६ फेब्रुवारी

दोन परीक्षक: एक उंच बाई, एक बुटका गृहस्थ, सारखं घड्याळ बघणारा. कॉलेजच्या शिक्षकांनी या दिवशी यायचं नाही असा नियम, त्यामुळे सर नव्हते. मी दारांवर.

चार नंबरमध्ये ते पूर्ण सहा मिनिटं थांबले. पूर्ण. परत पहिल्यापासून लागल्यावर दोन मिनिटं अजून थांबले. बाहेर आल्यावर बुटका म्हणाला, नेटकं आहे, ही मुलगी कुठे थांबायचं ते जाणते.

पाच वाजता बाईंनी जाहीर केलं. तिला मिळाली.

केसाळाने भिंतीवर डोकं टेकवलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि नाचलो. फोन बाईंनी केला, मी शेजारी उभा होतो. पलीकडून बराच वेळ काही नाही, मग "हो का" एवढंच ऐकू आलं. सावकाश ती सावकाशच.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

झालं ते लिहितो.

ताप उतरल्यावर ती आईला घेऊन आली. चाकांच्या खुर्चीतून, दोन गल्ल्या ढकलत. आईने केस विंचरून घेतले होते, गळ्यात माळ होती. चार नंबरच्या उंबऱ्यावर मी खुर्ची उचलली. ती म्हणाली, आई, हाच तो, ज्याने सगळं पाहिलं. आईने डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि दाबला.

मी दाराशीच उभा होतो. प्रश्न झाला. आई पडद्यावरच्या स्वतःकडे बघत होती. चार मिनिटांनंतर सांधा आला, उजेड उतरला, अंधार झाला. परत पहिल्यापासून लागलं. आईने मुलीकडे बघितलं. मग पडद्याकडे. दुसऱ्यांदा अंधार झाला तेव्हा आई डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर मारायला लागली. एकदा, दोनदा, मग सारखी. तोंडातून आवाज येत होता, शब्द नव्हता. मला वाटलं पुन्हा झटका आला. ती खाली बसून आईचा हात धरत होती आणि म्हणत होती, माहीतेय, आई, माहीतेय, मला माहीतेय.

आईला काकांनी बाहेर नेलं, पाणी दिलं. ती माझ्याकडे आली. आवाज चढवला नाही.

"हे काय लागलंय?"

मी म्हटलं, कॉलेजकडून जे आलं तेच लावलं.

"तू पाहिलं होतंस ना सगळं?"

"हो."

"मग पंधराव्या मिनिटाला काय होतं?"

माझ्या डोक्यात रविवारची ती रेघ. मी म्हटलं, "आई खिडकीकडे बघतात."

तिने एकदा पडद्याकडे बघितलं. मग आईकडे गेली, खुर्ची वळवली आणि दोघी निघून गेल्या. म्हणजे पटलं असावं तिला.

नंतर काका माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी चाचणीच्या दिवशी उलट्या खोक्यावर बसून सगळी एकोणीस मिनिटं पाहिली होती. पाय दुखतात म्हणून बसलो, म्हणाले, आणि उठवेना. मी विचारलं, पंधराव्या मिनिटाला काय आहे?

"ती माउली बोलते रे. 'जा' म्हणते. दोन वर्षांत तेवढा एक शब्द. त्यानंतर परत काही नाही."

जांभई नव्हती.


शनिवार, १ मार्च

सकाळपासून बाई आणि सर यांच्यात फोनवर जुंपली आहे. सर म्हणतात, आमच्या यंत्रात एकोणीस मिनिटांची प्रत आहे, तुमच्याकडे कोणीतरी हात घातला. बाई म्हणतात, तुम्ही चुकीची प्रत पाठवलीत आणि आता आमच्यावर ढकलताय. दोन्हीकडून पत्रं गेली. दुपारी बाईंच्या टेबलावर करार उघडा पडलेला दिसला, पुढच्या वर्षाच्या पानावर पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह.

तिनेच तक्रार केली. लेखी. खोली हातात आलेली असताना. मला हे कळतच नाही. गप्प बसली असती तर वरच्या खोलीची किल्ली सोमवारी मिळणार होती. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात ते असं. एकदा वाटतं जाऊन तिच्या दारात बसावं आणि सांगावं. एकदा वाटतं तिनेच आपल्या हाताने वाट लावली, मी काय करू?

खोटं लिहितोय. मला माहीतेय वाट कोणी लावली.

वाईट म्हणजे यंत्रांच्या खोलीची किल्ली काकांच्या नावावर आहे. बाईंनी त्यांना दोनदा आत बोलावलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या? काका म्हणाले, विचारत होत्या रविवारी कुठे होतो. घरी होतो म्हटलं, साक्षीदार कोण, म्हटलं पायाला तेल लावत होतो, तेलच साक्षीदार. आणि नेहमीसारखे हसले. मग केबल गुंडाळायला लागले. गुंडाळून झालेली केबल त्यांनी सोडवून परत गुंडाळली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

जेवलो नाही. वहिनीने थोबाडीत द्यावी तसं ताट समोर ठेवलं आणि म्हणाली, प्रेमात पडलेला माणूस जेवत नाही हे ऐकलं होतं, पण हे ते दिसत नाही.


सोमवार, ३ मार्च

बैठक. बाई, सर, ती, काका, मी. परीक्षकांपैकी उंच बाई. चार नंबरच्या खोलीतच, सगळे उभे.

आधी सरांना लागलेला व्हिडिओ दाखवला. दोन वर्षांनी मी त्यांना इतक्या जवळून बघत होतो. कानाजवळचे केस पांढरे झालेत. सांधा आला तेव्हा त्यांची मान किंचित हलली. सहा मिनिटं झाल्यावर ते म्हणाले, प्रत बदललेली आहे यात शंका नाही. कोणी बदलली तेही मला कळलं, दोन फिल्म तपासल्यात मी त्या हाताच्या. पण ते मी सांगणार नाही. आणि खाली केबलकडे बघत राहिले.

तरीही मी गप्प होतो. हे लिहून ठेवायलाच हवं. त्यांनी दार उघडून दिलं होतं आणि मी भिंतीला पाठ लावून उभा होतो.

मग संचालक बाई म्हणाल्या, मला वाटतं प्रश्न साधा आहे. जुन्या माणसांना हे नवं काम कळत नाही, हलणारं चित्र हललं नाही की त्यांना वाटतं बिघडलंय. काकांकडे न बघता म्हणाल्या. काका मान खाली घालून उभे. सगळी एकोणीस मिनिटं पाहणारा इथला एकच माणूस.

माझं डोकं फिरलं. म्हणजे नेहमीसारखंच फिरलं, चांगलं काही करायचं म्हणून नाही. मी म्हटलं, "काकांनी नाही. मी कापलं. न बघता कापलं."

पडद्यावर आई खिडकीपाशी बसली होती. बाईंनी विचारलं, का? त्याचं उत्तर मी तिला द्यायला गेलो. म्हटलं, कोणी थांबत नव्हतं, मी मोजलं होतं, घड्याळ लावून मोजलं होतं. तुला खोली मिळावी म्हणून. आणि मिळाली ना तुला?

"मला नाही मिळाली," ती म्हणाली. "तुला मिळाली."

मग ती परीक्षक बाईंकडे वळली आणि म्हणाली, माझी सही केलेली प्रत परत लावा. तीच बघा. मग काय द्यायचं ते द्या.

मला दोन ओळींचं पत्र मिळालं. रविवारी प्रदर्शन उतरेपर्यंत काम, नंतर नाही. बाहेर बोळात सर भेटले. मला वाटलं आता ऐकवतील, मी तयार होतो, दोन-चार शब्द जिभेवर आणून ठेवले होते. ते म्हणाले, "कट चांगला होता. म्हणून जास्त वाईट वाटलं." आणि गेले. मारून गेले की बोलून गेले ते अजून कळत नाही.

घरी सांगितलं. वहिनी रडली, जे मला अपेक्षित नव्हतं. दादाने सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, तिच्या भल्यासाठीच केलं होतं. दादा म्हणाला, काटा सील केल्यावर ज्याने सील तोडलं तो आम्हाला हेच सांगतो. कधी कधी त्याचा काटा खरंच बरोबर निघतो. तरी आम्ही नोंद करतो.


रविवार, ९ मार्च

खोली केसाळाला गेली. हे आधीच लिहून टाकतो.

परीक्षक गुरुवारी परत आले आणि एकोणीस मिनिटांची प्रत बघायला बसले. नवव्या मिनिटाला बुटक्याचा फोन वाजला. तो बाहेर आला, बोळात फेऱ्या मारत बोलला, परत गेला तेव्हा सतरावं चाललं होतं. उंच बाई शेवटपर्यंत बसल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चष्मा हातात होता. त्या भांडल्याही म्हणे. पण मत एकास एक झालं आणि तिसरं मत संचालक बाईंचं होतं. म्हणजे माझं मोजणं चुकीचं नव्हतं. हे कळून मला काहीच बरं वाटलं नाही.

करार मात्र राहिला. पुढच्या वर्षी सहा जण येतील. दारावरच्या कागदावर आता सहीच्या खाली दुसरी सही असणार, तंत्रज्ञाची, की मी पूर्ण पाहिलं. काकांची सूचना.

ती मामाकडे जाणार की नाही ते मला ठाऊक नाही. विचारायचा हक्क राहिलेला नाही. काका म्हणाले, मामाला तिने कळवलंय की अजून ठरलं नाही. उंच बाईंनी तिला कसलासा पत्ता दिलाय.

आज पाच वाजता प्रदर्शन उतरायचं होतं. पाच खोल्या मी दुपारपर्यंत उतरवल्या. चार वाजता ती आली, आईला घेऊन. आईने आतापर्यंत पाहिलं होतं ते फक्त माझं, कापलेलं. ती मला म्हणाली, एकदा लावशील? बस, इतकंच. पहिल्या दिवशीच्या पाच शब्दांपेक्षाही कमी.

मी खुर्ची उंबऱ्यावरून उचलली. या वेळी आईने मनगट धरलं नाही. हात मांडीवर होता. ती शेजारी बाकावर बसली. मी फाइल तपासली, लांबी तपासली, एकोणीस मिनिटं, पडदा सरळ केला, दिवे घालवले आणि लावलं.

आई खिडकीपाशी. "आई, मी जाऊ का?"

मला थांबायचं होतं. कशाहीपेक्षा जास्त. काकांनी तो शब्द ऐकलाय, सरांनी ऐकलाय, त्या उंच बाईंनी ऐकलाय. ज्याने कापला त्याने ऐकलेला नाही. पंधरा मिनिटं, एवढीच तर. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. बोळातला उजेड उघड्या दारातून पडद्याच्या कोपऱ्यावर पडत होता, बरोबर आईच्या डाव्या हातावर. तो हात फिका दिसत होता.

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग बाकावर शेजारी ठेवलेली पिशवी उचलली आणि खाली, पायांशी ठेवली; बाकावर एका माणसाची जागा मोकळी झाली. त्यात आईचं औषध असणार, हाताशी हवं असेल. पुन्हा माझ्याकडे बघितलं. तिला म्हणायचं असावं, अजून का उभा आहेस. मी आत राहिलो असतो तर ती सारखी मागे वळून बघत राहिली असती, आणि आज तरी तिने पडद्याकडे बघायला हवं होतं.

चौथं मिनिट संपत आलं होतं. किल्ल्या मी बाकाच्या टोकाला ठेवल्या, आवाज होणार नाही अशा. बोळात आलो आणि दार लावून घेतलं.